दोन पॉट आणि एक नोकरी

नर्सरीच्या मॅडमनी अट एकच घातली. फोटो, लसींचं कार्ड, पासपोर्टच्या कॉप्या असं सगळं टेबलावर ठेवून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि खाली वाकून बघितलं. टेबलाखाली माझी जुळी एकमेकांच्या सँडलचे पट्टे सोडत बसली होती.

"डायपर नो," मॅडम म्हणाल्या. त्या मंगळूरच्या, हिंदी-इंग्लिश मिसळून बोलायच्या. "एकाध बार ॲक्सिडेंट ठीक है, बच्चे हैं. लेकिन डायपरवाला बच्चा मैं लेती नहीं."

"नो प्रॉब्लेम मॅडम," मी म्हटलं. "सप्टेंबर तक सब हो जाएगा."

बोलायला माझं काय जात होतं! जून लागला होता. दोघं नुकतीच अडीच वर्षांची झाली होती आणि त्या क्षणीसुद्धा दोघांच्या ढुंगणाला डायपर होते, त्यातला एक भरलेला.

सप्टेंबर मी माझ्या मनाने काढला नव्हता. दुबईच्या देरा भागातल्या एका ट्रेडिंग कंपनीत मला अकाउंट्समध्ये नोकरी मिळाली होती. मालक गुजराती शेठ. ते म्हणाले होते, "बेन, गर्मी की छुट्टी के बाद आ जाओ. पर बच्चों का बंदोबस्त करके आना. बाद में यह बीमार, वह रो रहा, ऐसा मुझे नहीं चलेगा."

ती नोकरी माझ्यासाठी काय होती ते सांगायला हवं. माझे वडील कराडला दुसऱ्याच्या पिठाच्या गिरणीत कामाला होते, आई लोकांच्या गोधड्या शिवून द्यायची. माहेरी काय आणि सासरी काय, कॉलेजची पायरी चढलेली बाई मी पहिली. बी.कॉम., फर्स्ट क्लास. हे मी दर चौथ्या वाक्याला सांगते असं माझा नवरा म्हणतो. सांगते. का नाही सांगणार? लग्न होऊन दुबईत आल्यावर मी लगेच नोकरी धरली होती, पण थोड्याच महिन्यांत डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीच्या पडद्यावर दोन ठिपके दाखवले आणि पलंगावरून उठायचं नाही म्हणून सांगितलं. तेव्हा जी घरात बसले ती बसलेच. करामा भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये मला 'ट्विन्स की मम्मी' म्हणत. वॉचमन, किराणावाला, लिफ्टमध्ये भेटणाऱ्या बायका, सगळे. आणखी एखादं वर्ष असं गेलं असतं तर मला दुसरी काही ओळख होती हे मीच विसरले असते. या शेठनी नकार दिला तर मधली एवढी वर्षं घरी बसलेल्या बाईला कोण विचारणार होतं? कामाला बाई ठेवणं आम्हाला झेपणारं नव्हतं. इथे ना आई ना मावशी. म्हणजे नर्सरी हवीच, आणि नर्सरी हवी तर दोघं सुकी हवीत. एक सुकं होऊन भागणार नव्हतं. दोघं.

मी शिकलेली बाई, म्हणून सुरुवात पुस्तकापासून केली. समोरच्या फ्लॅटमध्ये केरळची नर्स राहायची, तिला मी चेची म्हणायचे. तिने तिच्याकडचं एक जाडजूड इंग्लिश पुस्तक दिलं. मी ते परीक्षेसारखं वाचलं, पेन्सिलने खुणा करून. पुस्तकात लिहिलं होतं, मुलाला स्वतःचा पॉट स्वतः निवडू द्या. निवडू दिला. दोघांना लालच हवा झाला. दोन लाल आणावे तर दुकानात एकच उरलेला, दुसरा निळा. घरी आल्यावर दोघांना निळा हवा झाला. मुलगी काही मिनिटांनी थोरली, म्हणून तिला घरात ताई म्हणायचे आणि त्याला बाळ. ताईने निळा बगलेत धरला. बाळाने लाल डोक्यावर घातला आणि तसाच जेवायला बसला.

पुस्तकातल्या चित्रांत मूल एकच होतं. ते पॉटवर बसायचं, आई बाजूला बसून गोष्ट सांगायची. माझ्याकडे एकाला बसवावं तर दुसरं उठून पळायचं. त्याला धरायला जावं तर पहिलं ओल्या ढुंगणाने सोफ्यावर. 'मूल तयारीचं चिन्ह दाखवील, तोवर थांबा' असंही एक वाक्य होतं. मी त्याच्याखाली रेघ मारली होती. माझी मुलं चिन्हं दाखवत होती, पण ती मी वेडी होण्याची.

मग बक्षिसांची युक्ती. पॉटमध्ये शू केली की एक चॉकलेटची गोळी. दोन दिवस वाटलं, जमलं! नंतर बाळाच्या लक्षात आलं की गोळी शूची मिळते, सगळ्या शूची नाही. तो बसायचा, दोन थेंब सोडायचा, हात पुढे करायचा. गोळी खाऊन झाली की पुन्हा दोन थेंब. त्याने हप्ते बांधून घेतले. उरलेली मोठी रक्कम तो पॉटवरून उठल्यावर कार्पेटवर भरायचा. ताई तर काहीच करायची नाही, नुसती भावाच्या गोळीतली अर्धी मागायची आणि मिळाली नाही तर त्याला चावायची.

"अरे, कपड़ा मत पहनाओ," चेची म्हणाली. "नंगा छोड़ दो. पाँव पे गरम लगेगा तो खुद समझेगा."

तिने चांगल्यासाठीच सांगितलं. पण आमच्या फ्लॅटमध्ये भिंतीपासून भिंतीपर्यंत मालकाचं तपकिरी कार्पेट चिकटवलेलं होतं. ते ना उचलता येत होतं ना धुता. गॅलरीत न्यावं तर जुलैची फरशी तव्यासारखी. दोघं एक पाऊल टाकून किंचाळत आत पळाली. मग आतच सोडली. खोली बंद, एसी चालू, आणि दोन जीव पावलापावलावर कार्पेटवर बेटं तयार करताहेत. मी हातात फडकं आणि डेटॉलचं पाणी घेऊन गुडघ्यांवर मागे मागे. नवरा शारजाच्या औद्योगिक भागातल्या वर्कशॉपमधून संध्याकाळी यायचा. एके दिवशी तो दारातच थबकला.

"काय गं, कसला वास?"

"तुमच्या मुलांचा."

"खिडकी उघड की."

"उघडते. मग वासाबरोबर बाहेरचा फुफाटा पण घ्या."

तो बूट काढायला वाकला आणि कुठे पाय ठेवावा ते शोधत राहिला. मी तिथेच भिंतीला टेकून खाली बसले आणि रडले. रडताना माझ्या मांडीवर कोणीतरी बसलं आणि मांडी गरम झाली. कोण ते बघायची पण इच्छा झाली नाही.

त्या संध्याकाळी नवऱ्याने पुण्याला फोन लावला. व्हिजिट व्हिसावर माझ्या सासूबाई आल्या.

आईंनी आल्या दिवशी डायपरच्या पाकिटाची किंमत विचारली, मनातल्या मनात तिचे रुपये केले आणि कपाळावर हात मारला. मग माझं पुस्तक उलटंसुलटं करून बघितलं.

"यात आजीचा धडा कुठे आहे?"

"नाहीये आई."

"मग कशाला रेघा मारून खराब केलंस? तुझ्या नवऱ्याला मी वर्षाचा व्हायच्या आत सुका केला. पुस्तक न वाचता."

मला राग आला. खरं सांगायचं तर त्या आल्यापासून मला सारखाच राग येत होता. पण कार्पेटवर मी पार संपले होते, म्हणून गप्प राहिले. आईंनी दोन्ही पॉट गॅलरीत फेकले. त्यांची पद्धत साधी होती. सकाळी उठल्यावर, दूध प्यायल्यावर, झोपून उठल्यावर, दोघांना बाथरूममध्ये न्यायचं. पाणी जायच्या जाळीजवळ शेजारी शेजारी बसवायचं, दोघांच्या पाठीला एकेक हात लावायचा, आणि तोंडाने आवाज काढायचा. आपल्याकडे सगळ्याच बायका काढतात तो. आईंचा पुढचा एक दात पडला होता, त्या फटीतून तो आवाज फार लांब आणि बारीक निघायचा. स्स्स्स्. एखाद्या नळाला बारीक चीर गेल्यासारखा.

दोघं आजीच्या तोंडाकडे बघत राहायची. आणि दोन धारा एकदम जाळीत जायच्या.

मग आई बादलीतलं पाणी ओतायच्या. तेही पहाटे भरून ठेवलेलं, कारण उन्हं वर आली की गच्चीवरच्या टाकीतून नळाला उकळतं पाणी यायचं आणि मुलं हात लावू द्यायची नाहीत. पाणी ओतून त्या माझ्याकडे बघायच्या. बोलायच्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

ऑगस्टच्या मध्यापर्यंत डायपर बंद झाले. पाकिटात उरलेले मी चेचीला दिले, तिच्या वॉर्डासाठी. आईंचा आवाज मलाही जमायला लागला. दात शाबूत असल्याने तेवढा बारीक नाही, पण काम होत होतं. मी ऑफिससाठी दोन ड्रेस शिवायला टाकले. एका शुक्रवारी आम्ही सगळे बाहेर जेवायला गेलो. वेटरने शेजारच्या टेबलावर सोड्याची बाटली उघडली, फस्स झालं, आणि आमची दोघं खुर्चीवर बसल्या बसल्या भिजली.

"लस्सी जास्त झाली," आई म्हणाल्या.

"लस्सीच," मी म्हटलं. लस्सीच वाटली मला. कोणालाही लस्सीच वाटली असती.

आईंचा व्हिसा संपला, त्या गेल्या. शेठकडे जायच्या आधीचा आठवडा हा नर्सरीचा पहिला आठवडा होता. नवीन मुलांच्या आयांना त्या आठवड्यात बाहेरच्या पॅसेजमध्ये बसायची परवानगी होती. वर्गाच्या दाराला काच होती. इथला आठवडा शनिवारी सुरू व्हायचा; त्या शनिवारी सकाळी मी काचेतून बघत होते. लहान लहान खुर्च्यांवर मुलं बसलेली, माझी दोघं पुढच्याच रांगेत, हात धरून. टीचर तरुण होती, हसरी. तिने पहिलं कार्ड काढलं. कार्डावर हिरवा साप. तिने हाताचा साप केला, डोळे मोठे केले आणि सगळ्यांना आवाज काढून दाखवला.

"स्स्स्स्."

मुलं खूष झाली. सगळा वर्ग करायला लागला. स्स्स्स्. वीस-पंचवीस तोंडं.

माझी दोघं शांतपणे समोर बघत होती. ताईच्या खुर्चीखाली आधी ओघळ दिसला, मग बाळाच्या. दोन ओघळ फरशीवर मध्ये येऊन एक झाले.

सोड्याची बाटली मला तिथे, त्या पॅसेजमध्ये उभं असताना कळली. आईंनी त्यांना शू धरायला शिकवलंच नव्हतं, आणि मीही नाही. आम्ही त्यांना त्या आवाजावर सोडायला शिकवलं होतं. आवाज आला की सोडायची, नाही आला की थांबायचं. घरात तो आवाज आमच्या दोघींच्या तोंडात होता म्हणून सगळं सुरळीत दिसत होतं. इथे तो अख्ख्या वर्गाच्या तोंडात होता.

पहिल्या दिवशी टीचर हसून म्हणाली, "फर्स्ट डे, इट हॅपन्स." रविवारी पुन्हा साप. पुन्हा दोन खुर्च्या. मॅडमनी मला आत बोलावलं.

"आपने बोला था, ट्रेन्ड हैं."

"ट्रेन्ड आहेत... हैं मॅडम."

"यह ट्रेन्ड है?"

कॉलेजात मी कॉस्ट अकाउंटिंगचे पेपर इंग्लिशमध्ये लिहिले होते, पण आमच्यात मुलांना शू करवताना बायका तोंडाने आवाज काढतात, हे एका शाळेच्या मॅडमना रीतसर कसं सांगावं ते मला कोणी शिकवलं नव्हतं. मान खाली घालून सांगितलं. अर्धं हिंदीत, अर्धं इंग्लिशमध्ये, आणि शेवटी आवाजच काढून दाखवला. मॅडम हसल्या नाहीत.

"मालूम है. मेरी माँ भी करती थी," त्या म्हणाल्या. "लेकिन यह पूरा महीना साँप का है. आवाज से पढ़ाते हैं, तो पहला अक्षर 'एस' है. फिर सन, सँड, सब वही आवाज. मैं पूरे क्लास का अक्षर बदलूँ?"

मला 'हो' म्हणायचं होतं.

"बुधवार तक देखती हूँ," त्या म्हणाल्या. गुरुवार-शुक्रवार सुट्टी आणि शनिवारी माझी नोकरी. म्हणजे बुधवार हाच निकाल.

घरी येऊन मी विचार केला. शिकवलेलं विसरवायचं असेल तर आवाजातली किंमत काढून घ्यायला हवी. दोघांची शू झाल्या झाल्या, पोट रिकामं असताना, तोच आवाज पुन्हा पुन्हा काढायचा. काही होत नाही हे त्यांना कळेल. मी पोळ्या लाटताना फुत्कारत होते, कपडे वाळत घालताना फुत्कारत होते. संध्याकाळी नवरा आला तर त्यालाही कामाला लावलं.

"अहो, तुम्ही पण करा."

"अगं, दिवसभर वर्कशॉपमध्ये फोरमनशी डोकं लावून आलोय. आता घरी येऊन सापासारखा फुत्कारू?"

"फुत्कारा."

"मी इंजिनिअर आहे की गारुडी?"

"बुधवारपर्यंत जे लागेल ते व्हा. करा."

केलं बिचाऱ्याने. टाय सैल करून, सोफ्यावर बसून, टीव्ही म्यूट करून. ताई त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली, कंबरेवर हात ठेवला आणि म्हणाली, "बाबा, गप्प." सोमवारपर्यंत तिच्यावर त्या आवाजाचा काही परिणाम होईना. सुटली ती. बाळाचं मात्र उलटं झालं. आवाज आला की त्याला आधी रडू यायचं, मग शू व्हायची. आपल्या पायांकडे तो असा बघायचा की जणू ते पाय दुसऱ्या कोणाचे आहेत. मंगळवारी तो कानांवर हात ठेवून फिरायला लागला. त्याच्यावर ओरडायचंही त्राण माझ्यात उरलं नव्हतं. मी त्याला बाथरूममध्ये नेलं, दार लावून घेतलं, त्याच्याशेजारी ओल्या फरशीवर बसले आणि म्हटलं, "बाळा, माझ्यासाठी एकदा. फक्त उद्या." अडीच वर्षांच्या पोराला कोणी असं म्हणतं का? मी म्हटलं. त्याने माझा गाल पुसला, आणि तेवढ्यात शेजारच्या फ्लॅटमध्ये कोणीतरी नळ सोडला, आणि त्याचं झालं.

बुधवारी मॅडम म्हणाल्या, "बेटी ठीक है. शनिवार से भेजो. बेटे को घर रखो, एक-दो महीने. जल्दी क्या है?"

जल्दी काय आहे, हे त्यांना मी काय सांगणार?

सुट्टीचे दोन्ही दिवस आमचं भांडण झालं. मोठ्याने नाही, कारण भिंती पातळ. दबक्या आवाजात, स्वयंपाकघरात.

"शेठना फोन कर. म्हणावं, पुढच्या महिन्यात येते."

"ते दुसरी ठेवतील."

"ठेवू देत. नोकरी काय, परत मिळेल."

"कोणाला? तुम्हाला मिळेल."

त्याने ओट्यावरचं भांडं उगाच सरकवलं आणि विचारलं, "मग बाळाचं काय?" शेवटी चेचीच म्हणाली की तिची या आठवड्यात रात्रपाळी आहे, मी येईपर्यंत बाळाला ती बघेल. "पर एक हफ्ता. मुझे भी सोना है," असंही म्हणाली. ती झोपणार कधी, हा प्रश्न मी तिला विचारला नाही. विचारायला हवा होता, पण मग 'हो' म्हणता आलं नसतं.

शनिवारी पहिल्यांदा दोघं वेगळी झाली. जन्मल्यापासून पहिल्यांदा. चेचीच्या दारात बाळ चेचीच्या मॅक्सीचा कोपरा धरून उभा होता, रडत नव्हता. ताई नवऱ्याच्या गाडीत मागच्या सीटवर बसली आणि शेजारच्या रिकाम्या जागेवर हात ठेवून राहिली. नर्सरीच्या दारात ती आत गेली, परत आली, माझ्या मागे बघितलं, मग आत गेली.

मी नवा ड्रेस घालून देऱ्यात पोचले. शेठनी कोपऱ्यातलं टेबल दाखवलं. फाइली होत्या, कॅल्क्युलेटर होता, माझ्या नावाची पाटी नव्हती पण खुर्ची माझी होती. मी पेन काढला आणि हातात धरून बसले. मला तेवढंही पुरे होतं. जेवणाच्या सुट्टीच्या आत फोन वाजला. टीचर होती.

"मॅम, युवर डॉटर..."

"क्या हुआ? गीला किया?"

"नो मॅम. किया ही नहीं. सुबह से नहीं किया. टॉयलेट ले जाती हूँ, बैठती है, बाजूवाली सीट दिखाती है, और उठ जाती है. अब पेट पकड़के रो रही है. मॅडम बोलीं, आप आ जाओ."

मी उभी राहिले. ऑफिसातले तिघं माझ्याकडे बघत होते. शेठनी चष्म्यावरून बघितलं.

"पहले ही दिन, बेन?"

खोटं बोलता आलं असतं. ताप आहे, पडली आहे. पण मला तेवढा विचार सुचला नाही. मी म्हटलं, "सर, मेरी बेटी ने सुबह से सूसू नहीं किया. भाई के बिना नहीं कर रही. मैं जाके आती हूँ. आज का पूरा काम करके ही घर जाऊँगी, लेकिन अभी मुझे जाना है."

कोणीतरी हसलं. शेठ नाही हसले. "तीन बच्चे मेरे भी हैं," ते म्हणाले. "यल्ला, चलो, जल्दी जाओ. पर लौट के आना."

टॅक्सी करून मी आधी करामाला गेले. चेची डोळे चोळत दार उघडायला आली. बाळाला उचललं आणि तशीच नर्सरीत. त्याच्या पायात चपलासुद्धा नव्हत्या.

नर्सरीच्या टॉयलेटमध्ये गुडघ्याएवढे कमोड रांगेने होते. ताई एकावर बसली होती, चेहरा लाल, दोन्ही हात पोटावर. टीचर खाली उकिडवी. मॅडम दारात. मी बाळाची चड्डी काढून त्याला ताईच्या शेजारच्या कमोडवर बसवलं. ताईने हात लांब करून त्याचा हात धरला. तरी काही होईना. तिने एवढा वेळ दाबून धरलं होतं की आता तिला सोडताच येत नव्हतं. ती माझ्याकडे बघत राहिली.

मागे मॅडम उभ्या होत्या, दारातून दोन टीचर डोकावत होत्या, एक बापही होता, मुलाला न्यायला आलेला. मी नवा ड्रेस सावरून दोघांसमोर गुडघे टेकले, दोघांच्या पाठीला हात लावला, आणि जेवढा लांब निघेल तेवढा तो आवाज काढला. अख्खा आठवडा जो मोडून काढायला मी जीव टाकला होता तोच.

आधी बाळ. मग एक क्षण काहीच नाही. मग ताई. किती वेळ चाललं तिचं! करता करता ती रडत होती आणि हसतही होती.

मॅडमनी टीचरकडे बघितलं. टीचरने माझ्याकडे बघून हळूच आवाज काढून पाहिला. जमला तिला.

"बेटे को भी आज से यहीं छोड़ दो," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, लेकिन वह अभी..."

"दिख रहा है मुझे. एक्स्ट्रा चड्डियाँ भेजना, बहुत सारी. उसके बिना यह करेगी नहीं, तो मैं क्या करूँ? बच्ची को बीमार करूँ?" मग थोड्या रागानेच म्हणाल्या, "और साँप के टाइम से पहले दोनों को टॉयलेट. इतना मैं बोल दूँगी."

बाळ हिवाळा येईपर्यंत अधूनमधून भिजत राहिला. रोज पिशवीतून ओल्या चड्ड्या घरी यायच्या. मग एक दिवस पिशवी रिकामी आली, आणि मी त्यासाठी काहीही केलं नव्हतं. पण ते पुढचं. त्या दुपारी मला इतकंच समजलं होतं की दोघं आत आहेत.

टॅक्सीत ड्रेसची किनार ओली लागली. कशाने ते माहीत होतं. मी ती हाताने पिळली आणि खिडकीबाहेर बघत बसले. ऑफिसची लिफ्ट येईपर्यंत रडू मी दाबून धरलं, आणि लिफ्टमध्ये कोणी नव्हतं म्हणून सोडलं. मग डोळे पुसले.

शेठनी घड्याळाकडे बघितलं. "हुआ?"

"हुआ सर."

"दोनों का?"

"दोनों का."

"तो अब बैंक का स्टेटमेंट निकालो. महीने का मिलाना है."

मी खुर्ची ओढून बसले. पहिलीच एंट्री चुकीच्या रकान्यात गेली. ती खोडली आणि पुन्हा लिहिली.